रंगराव खरमाटे यांच्या गालाचं हाड

त्या दिवशी दुपारच्या एसटीनं कौसाबाईंना अटक करून नेलं.

हे वाक्य खरं तर शेवटी यायचं होतं, पण पुढं घुसलं. आमच्या ग्रामीण रुग्णालयात रांगेचं असंच असतं. ज्याला घाई असते तो पुढं येऊन उभा राहतो आणि मग सगळे तो तिथं नाहीच असं धरून चालतात. आपणही तसंच धरू. कौसाबाईंना कुणी कुठं नेलेलं नाही. सकाळ आहे, केसपेपरची खिडकी अजून उघडायची आहे, आणि कौसाबाई माझ्या एक्स-रे खोलीबाहेरच्या बाकावर, ज्याला त्यांनी वरवंट्यानं मारलं त्या नवऱ्याच्या, म्हणजे रंगरावांच्या, शेजारी पदर सावरून बसल्या आहेत. शेजारी अशासाठी, की बाक एकच होता.

मी तेव्हा नोकरीत नवा होतो. मशीन जुनं होतं. फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीत पोलिओचे मागच्या सगळ्या मोहिमांचे बॅनर रचून ठेवले होते, त्यामुळं लाल दिव्यात काम करताना माझ्याकडं कायम पाच-पंचवीस गुटगुटीत बाळं बघत असायची. फिल्म वाळवायचं यंत्र बंद होतं, म्हणून मी खिडकीत दोरी बांधून लोकांचे हात, पाय, बरगड्या चिमट्यांनी वाळत घालायचो. रस्त्यावरून जाणारे ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून बघून जायचे.

बाकाशेजारी हवालदार चोपडे भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या हातात पोलिसांची यादी, म्हणजे अमुक माणसाला तपासून दुखापत कळवा असं पोलिस ठाण्यानं दवाखान्याला दिलेलं पत्र.

"एक्सरेवाले," ते म्हणाले, "मला एवढंच सांगा, हाड मोडलंय का न्हाई. मोडलं असलं तर गंभीर दुखापत. मग ह्या बाईला आजच उचलायला लागणार. मोडलं नसलं तर साधी. दोघांना समज देतो आन मी घरी जाऊन झोपतो. जत्रंच्या बंदोबस्ताला हुतो. डोळं बघा माझं."

"तुमचाही काढू का?"

"झोप दिसती का एक्सऱ्यात?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

"मोडलंयच," बाकाच्या टोकाला बसलेल्या बाई म्हणाल्या. या सोनाक्का, रंगरावांच्या थोरल्या बहीण. "वरवंटा हाय, लाटणं न्हवं. मोडल्याबगार ऱ्हातंय व्हय."

रंगराव काही बोलले नाहीत, कारण त्यांचं तोंड फक्त डाव्या बाजूनं उघडत होतं. उजव्या डोळ्याच्या खालपासून कानापर्यंत तेलात कालवलेला शेंदूर बोटभर जाड थापलेला होता. म्हणजे चेहरा अर्धा खातेदाराचा आणि अर्धा देवळातला. त्यांच्या वाडीत जखमेवर म्हसोबाचा शेंदूर लावतात. रक्त थांबतं, असं म्हणतात. त्यांचं थांबलं होतं.

"लावला कुणी?" मी विचारलं.

"मी," कौसाबाई म्हणाल्या.

"आणि मारलं?"

"मी मारलं न्हाई." त्या हे आधी दोन-चारदा सांगून झाल्यासारख्या कंटाळून म्हणाल्या. "मी चटणी वाटत हुते. त्येंनी हात उचलला. मी मधी हात घातला. त्यात वरवंटा हुता. दरवेळी रिकामा असतोय."

हवालदारांनी माझ्याकडं पाहिलं. "जबाब घेताना असं बोलती. आता ह्ये कुठल्या कलमात बसवू."

मी रंगरावांना आत घेतलं. शेंदूर पुसायला कापूस पुढं केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. डॉक्टर वॉर्डात होते. त्यांनी तिथूनच निरोप पाठवला, तसाच काढून बघ, निघाला तर निघाला. मी कॅसेटवर, म्हणजे फिल्म ठेवायच्या चपट्या पेटीवर, कोरा कागद लावला. चेहऱ्याची हाडं बघायची एक पद्धत आहे. माणसानं कॅसेटकडं तोंड करून बसायचं, हनुवटी टेकवायची, नाक किंचित मागं ठेवायचं आणि तोंड उघडायचं. खिडकीच्या काचेला तोंड लावून मिठाईच्या दुकानात बघणाऱ्या माणसासारखं दिसतं. कुणालाही आवडत नाही. रंगराव तीनदा हलले, शिव्या दिल्या आणि चौथ्यांदा झालं.

फिल्म धुतली, धरली लाल दिव्यापुढं. कवटी उत्तम. डावा गाल उत्तम. उजवीकडं डोळ्याखाली एक पांढराशुभ्र गोळा, वर निमुळता, खाली रुंद, दोन्ही बाजूंना दोन ओघळ. इतका पांढरा की बाकीचं हाड त्याच्यापुढं मळकट वाटावं.

मी ती ओलीच आणून व्ह्यू बॉक्सवर लावली. व्ह्यू बॉक्स म्हणजे भिंतीवरची दुधी काचेची दिव्याची पेटी. तिच्यातली एक ट्यूब फडफडायची. त्या फडफडत्या उजेडात सोनाक्कांनी पाहिलं आणि चप्पल काढली.

"म्हसोबा हाय," त्या म्हणाल्या.

मी काही बोलायच्या आत त्यांनी डोक्यावरून पदर घेऊन नमस्कार केला होता. मग रंगरावांनी केला. हवालदारांनी टोपी काढली. बाहेर कुत्रं चावलेल्यांची रांग होती, त्यातला एक जण काय आहे म्हणून डोकावला आणि परत जाऊन त्यानं सांगितलं. खोकल्याची रांग आली. बाळंतिणीच्या खोलीतून एक आजी आली, तिनं व्ह्यू बॉक्सवर झेंडूचं फूल ठेवलं. फूल पेटीच्या उबेनं लगेच मऊ पडलं. याची प्रत मिळते का, असं एकानं मला विचारलं.

डॉक्टर मगदूम आले तेव्हा रांग दारापर्यंत गेली होती. ते आदल्या सकाळपासून ड्युटीवर होते. दुसऱ्या डॉक्टरांची बदली झाली होती आणि तिसऱ्यांची जागा मंजूर होती. रांग दिसली तसे ते सवयीनं तिच्या शेवटी उभे राहिले आणि पुढं सरकत राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "हे काय आहे?"

"शेंदूर, सर."

"शिसं असतं त्यात."

"हो सर."

"मिरजेला असताना एकदा पाहिलं होतं. त्याचा गणपती दिसत होता." त्यांनी फूल उचलून खिडकीत ठेवलं. "दर्शन झालं असेल तर सगळ्यांनी बाहेर जा."

सगळे गेले. राहिले रंगराव, सोनाक्का, हवालदार, आणि दारात कौसाबाई. डॉक्टरांनी त्यांना थोडक्यात समजावलं. एक्स-रे शिशाच्या पलीकडं जात नाही. हा शिशाचा एप्रन हा मुलगा अंगावर घालतो, तोच तुम्ही तोंडावर घातलाय. आतलं हाड दिसत नाही. पुसून परत काढायला लागेल.

"न्हाई," रंगराव अर्ध्या तोंडानं म्हणाले.

"दोन-दोन दिसतंय का?"

"दिसतंय."

"काय दिसतंय दोन?"

रंगरावांनी समोर दाराकडं पाहिलं. "कौसा," ते म्हणाले आणि डोळा मिटून घेतला.

डॉक्टर खुर्चीवर बसले. "हे बघा. डोळ्याखाली पातळ हाडाची पाटी असते. गालाचं हाड मोडताना ती खचली असेल तर डोळा खाली उतरतो. वेळेत कळलं तर मिरजेला पाठवता येतं. नाही कळलं तर जाऊही शकतो डोळा. पुसायचं की नाही?"

"देवाचं हाय ते," सोनाक्का म्हणाल्या. "असं कुणीबी पुसून चालत न्हाई. ज्याच्या हातनं लागलं त्याच्याच हातनं उतरायला पायजे. न्हाईतर घरावर कोप येतोय. आमच्या चुलत्यानं बायकूला लावलेला, सासूनं पुसला. म्हस मेली."

"मग बोलवा त्याला."

"कुणाला?"

"ज्यानं लावलाय त्याला."

 मग सगळे दाराकडं बघायला लागले.

एक गोष्ट सगळ्यांच्या एकदम लक्षात आली, आणि सगळ्यांत आधी हवालदारांच्या. गंभीर की साधी हे त्या शेंदराखाली होतं, आणि शेंदूर उतरवायचा अधिकार जिला होता तीच आरोपी होती. त्यांनी कौसाबाईंना बाजूला घेतलं. बाजू म्हणजे दारापासून दोन पावलं. सगळं ऐकू येत होतं.

"मावशी, मी काय सांगतोय असं न्हाई. पण तुमी नगं म्हणाला तर तुमाला कोण जबरदस्ती करणार? देवाचं काम हाय. मग हाड दिसायचं न्हाई. दिसलं न्हाई तर मी काय लिवणार? साधी. तुमी घरी, मी घरी."

"ऐकू येतंय हवालदार," सोनाक्का म्हणाल्या.

"मी असं सांगतोय असं न्हाई म्हटलंय की मी."

 कौसाबाई तशाच उन्हात उभ्या राहिल्या, आणि तिथं डॉक्टरांना त्यांचा चेहरा नीट दिसला. डावा गाल सुजला होता.

"तुमच्या तोंडाला काय झालं?"

"काय न्हाई. नेहमीचं हाय."

डॉक्टर उठले. चेहऱ्याला मार लागलेला माणूस तपासताना ते नेहमी करायचे तसं त्यांनी केलं. दोन्ही अंगठे दोन डोळ्यांखालच्या हाडावर ठेवले आणि बाहेरच्या बाजूला सरकवत नेले. त्यांच्या उजव्या गालावरचा अंगठा कानापर्यंत गेला. डाव्या गालावरचा मध्येच एका ठिकाणी थांबला, मागं आला, परत गेला, परत तिथंच थांबला.

"ह्यांचाही काढ," ते मला म्हणाले.

"माझा कशाला," कौसाबाई म्हणाल्या. "मला काय दुखत न्हाई."

"तुमचंही नाव यादीत आहे. सूज आहे म्हणजे बघायला लागतं."

कौसाबाईंना काही सांगावं लागलं नाही. मी हनुवटी म्हणालो, त्यांनी टेकवली. नाक मागं म्हणालो, घेतलं. हलू नका असं मी सगळ्यांना सांगतो, माणसं तरीही हलतात. त्या हलल्या नाहीत. भिंतीजवळच्या पॅनेलकडं जाऊन मी म्हणालो, श्वास रोखा. बटण दाबलं. मग कॅसेट घ्यायला आलो तर त्यांनी तो अजून रोखूनच धरला होता. सोडा, असं मला म्हणायचं राहिलं होतं.

"सोडा मावशी. झालं."

"झालं?" त्या म्हणाल्या आणि सोडला.

फिल्म धुऊन मी बाहेर आलो तेव्हा रंगरावांची फिल्म व्ह्यू बॉक्सवर नव्हती. सोनाक्कांनी ती उतरवून, जमिनीला लागू नये म्हणून, मांडीवर धरली होती. मी मोकळ्या जागेवर नवी लावली. ती अगदी स्वच्छ होती. कुठंही पांढरा गोळा नाही.

सोनाक्कांनी ती पाहिली आणि त्यांचा हात छातीवर गेला. "शेंदूर बाजूला केला त्यानं," त्या रंगरावांना म्हणाल्या. "बघ. पुसावाबी लागला न्हाई. हाड दाखवायला देव सवता बाजूला झाला."

मला बोलायचं होतं. पण डॉक्टर फिल्मच्या अगदी जवळ जाऊन उभे होते आणि थकलेल्या माणसाच्या आवाजात, कुणाला न सांगता, बोलायला लागले होते. पेनचं टोपण ते फिल्मवर फिरवत होते.

"हे गालाचं हाड. पायरी पडलीय. इथं मोडलंय. हे नाक, इथून. आणि जबडा, हा खालचा कोपरा बघ, हा पण."

"तीन जागी," रंगराव म्हणाले. तोंड दुखत असूनही त्यांनी ते स्पष्ट म्हटलं. ते उठून उभे राहिले. "हवालदार, लिवा. तीन जागी."

"तीन?" हवालदार भिंतीपासून सुटे झाले. इतका वेळ ते उभ्याउभ्या झोपले असावेत. "तीन म्हंजी लईच झालं की ओ. एका वरवंट्यात तीन?"

"मारणाऱ्याला काय," सोनाक्का म्हणाल्या. "माणसाच्या तोंडाचं असं कोण करतंय? जनावराला मारताना बी तोंड चुकवत्यात."

"ज्यानं ह्ये केलं," रंगराव फिल्मकडं बोट दाखवून म्हणाले, "त्येला जल्माचा आत टाकला पायजे."

"बघू," हवालदार म्हणाले. "एवढं म्हंजी मग जामीन बी अवघड हाय."

कौसाबाई दारातून आत आल्या. फिल्मपुढं उभ्या राहिल्या. त्यांचा डावा गाल आतून हलत होता. जीभ फिरत होती, खाली, जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत. मग त्यांनी बोट उचललं आणि फिल्मवर त्याच कोपऱ्यावर ठेवलं.

"ह्यो माझा हाय," त्या म्हणाल्या.

सोनाक्का हसल्या. "कौसे, तुला काय कळतंय त्यातलं?"

"हितं मला जिबंला लागतंय." त्या डॉक्टरांकडं वळल्या. "माझाच हाय न्हवं?"

"तुमचाच आहे," डॉक्टर म्हणाले.

ट्यूब फडफडत राहिली. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं.

"ह्ये जबड्याचं धाकटीच्या बारशाला," कौसाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. एखाद्या पाहुण्याला घर दाखवावं तसं त्या सांगत होत्या. "पाळण्याची दोरी मला येळंत घावली न्हाई. वन्सं हुत्या की तवा."

सोनाक्का भिंतीवरची लसीकरणाची पाटी वाचायला लागल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"ह्ये गालाचं, ऊस तुटायला माणसं आली न्हाईत त्या सालचं. माणसं आली न्हाईत त्येला मी काय करणार हुते, पण तवा घरात मीच हुते." बोट नाकावर आलं आणि तिथं थोडं थांबलं. "ह्ये कशाचं ते ध्यानात न्हाई. काय कारण न्हवतं बहुतेक."

रंगराव परत खाली बसले. हवालदारांनी कपाळ खाजवलं.

"डॉक्टरसाहेब, मग ह्ये बी गंभीरच की. तीन."

"जुनी आहेत." डॉक्टरांनी टोपण पेनला लावलं. "कडा गोल झाल्यात, हाड जुळून आलंय. ताजं मोडलेलं धारदार दिसतं. आजच्या घटनेशी याचा संबंध नाही असं लिहावं लागतं. आजची सूज तेवढी साधी."

"मग ह्या तिनाचं काय?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"कधी झालं, तक्रार आहे का, कुणी तपासलं होतं का. यातलं काय आहे तुमच्याकडं?"

हवालदारांकडं काही नव्हतं. त्यांनी ते कौसाबाईंवर काढलं. "मावशी, मी इतकी वरसं ह्याच ठाण्याला हाय. कधी आला न्हाईत तुमी."

"येणार हुते की," कौसाबाई म्हणाल्या. "तोंड सुजलेलं असलं की चार लोकांत एसटीत बसायची लाज वाटायची. म्हटलं सूज उतरू द्या. सूज उतरली की दाखवायला काय ऱ्हायचंच न्हाई."

डॉक्टरांनी डोळे चोळले. बाहेर खोकल्याची रांग खोकत होती. ते म्हणाले, "यांच्या शेंदराचं काय ते ठरवा. मला ओपीडी आहे."

आता सगळं कौसाबाईंवर होतं, आणि हे त्यांना धरून सगळ्यांना माहीत होतं. हवालदार त्यांच्याकडं बघून डोळ्यांनी नाही-नाही करत होते. मी खाली मान घालून कॅसेटवरचा कागद बदलत होतो, खरं तर तो बदलून झाला होता. सोनाक्का दोन्हीकडून अडकल्या होत्या. उतरव म्हणावं तर भावजयीपुढं हात पसरल्यासारखं, नको म्हणावं तर भाऊ.

कौसाबाईंनी विचारलं, "डोळा जातोय म्हणालात."

"जाऊ शकतो. जाईलच असं नाही."

"एक गेला की दुसऱ्यावर बी येतंय म्हणत्यात."

"कधीकधी."

त्यांनी रंगरावांकडं बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का म्हणून पाहिलं. माझं शिक्षण हाडांपुरतं आहे, मला काही दिसलं नाही.

"आंधळं झालं तर हाताला धरून मलाच फिरवायला लागंल," त्या म्हणाल्या. "रानात, बाजारात, परसाकडं. मरंपतूर. त्यापरीस जेल बरा. तेल हाय का कुणाकडं?"

सिस्टरांनी खोबरेल दिलं आणि कापसाचा मोठा गोळा दिला. कौसाबाई रंगरावांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात उचलला. रंगराव दचकून मागं सरकले. डोकं भिंतीवर आपटलं आणि दोन्ही हात तोंडापुढं आले.

कौसाबाई हात तसाच वर धरून थांबल्या.

"बसा नीट," त्या म्हणाल्या. "रिकामा हाय."

मग त्यांनी शेंदूर उतरवला. आधी कडेकडेनं तेल सोडून, मग कापूस न घासता, टिपत. जिथं दुखत होतं तिथं त्यांचं बोट आपोआप हलकं व्हायचं. कुठं दुखेल हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. 'माझ्या हातनं लागला, माझ्या हातनं उतरला,' असं काहीतरी त्या पुटपुटत होत्या. सिस्टरांपुढं एक अडचण उभी राहिली. दवाखान्यात कचऱ्याच्या वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या असतात, रक्ताचा कापूस कुठल्या, सुया कुठल्या, हे सगळं भिंतीवर लिहिलेलं आहे. देव लागलेला कापूस कुठल्या पिशवीत, हे लिहिलेलं नव्हतं. शेवटी कौसाबाईंनीच तो पदराच्या टोकात बांधून घेतला.

मी परत फिल्म काढली. या वेळी रंगराव अजिबात हलले नाहीत.

उजव्या गालाच्या हाडावर एक रेघ होती. केसाएवढी, पण धारदार. डॉक्टरांनी ती पाहिली, खालची पाटी पाहिली, फिल्म तिरपी करून पुन्हा पाहिली.

"मोडलंय. पण पाटी खचलेली नाही. डोळ्याला काही होत नाही. दोन दिसतंय ते सुजेनं, जाईल."

"म्हणजे डोळा जाणारच न्हवता?" हवालदारांनी विचारलं.

"नव्हता. पण हे बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"आन हाड मोडलंय."

"मोडलंय."

हवालदारांनी टोपी घातली. एवढ्या मोठ्या माणसाला टोपी घालायला इतका वेळ लागताना मी पाहिलेला नाही. मग ते महिला पोलिसांना फोन करायला बाहेर गेले, कारण बाईला न्यायला बाईच लागते आणि ठाण्यातली एकमेव बाई दुसऱ्या गावाला जत्रेत होती.

ती एसटीनं येईपर्यंत सगळे त्याच बाकावर बसले. दुसरा नव्हताच. रंगरावांच्या तोंडावर आता फक्त तेल होतं, आणि शेंदराखाली जो गाल लपला होता तो कण्हायला लागला होता.

"लई ठणकतंय," ते म्हणाले. सोनाक्कांना म्हणाले असावेत.

"ठणकणारच," कौसाबाई म्हणाल्या. "पैलं थोडं दिस लई ठणकतंय. त्या कुशीवर झोपू नगा. उशीला आणिक एक उशी लावा. नाक जोरात शिंकरू नगा, डोळ्याखाली वारं भरतंय. भाकरी दुधात कुस्करून खावा, ह्या बाजूनं. जांभई आली तर हनुवटीला खालनं हात लावायचा, असा." त्यांनी स्वतःच्या हनुवटीला लावून दाखवला. "मग सवय हुती."

डॉक्टर हातात गोळ्यांची चिठ्ठी घेऊन दारात उभे होते. पथ्य सांगायला आले असावेत. ते ऐकून त्यांनी चिठ्ठी तेवढी दिली आणि गेले.

महिला पोलीस आली. पोरगेलीशी होती, गुलालानं माखलेली. तिनं विचारलं, आरोपी कुठली. हवालदारांनी नुसती हनुवटी हलवली. कौसाबाई उठल्या, लुगडं झटकलं, पदराची गाठ तपासली. जाताना माझ्यापाशी थांबल्या.

"दादा, त्यो माझा फोटू. त्यो मला मिळंल का?"

"नाही मावशी. तो पोलिसांकडं जमा होतो."

"ते काय करत्यात त्येचं?"

"पाकिटात घालून ठेवतात."

"बरं," त्या म्हणाल्या. "ठेवू द्या. मोडू नगा म्हणावं." आणि एसटीकडं गेल्या.

पुढं काही वर्षांनी मला साक्षीला बोलावलं. कोर्टात रंगरावांची फिल्म उजेडासमोर धरली गेली. ही फिल्म तुम्हीच काढली का? हो. ही रेघ दिसते का? हो. दुसऱ्या पाकिटाबद्दल कुणी विचारलं नाही. मी स्वतःहून सांगायला गेलो तेव्हा मला सांगण्यात आलं की विचारल्याशिवाय बोलू नये, आणि त्याचा या खटल्याशी संबंध नाही. रंगराव पहिल्या रांगेत बसले होते. डोळे दोन्ही चांगले होते. कौसाबाई मागं उभ्या होत्या, हात जोडून, हलत नव्हत्या. कोर्टात कुणीतरी त्यांना झालं, सोडा, असं म्हणायला हवं होतं. तो माझा अधिकार नव्हता.

माझा अधिकार अर्ज करण्यापुरता आहे. तो मी खाली करत आहे.

प्रति, जे कुणी सक्षम प्राधिकारी असतील ते. महोदय, उपरोक्त बाब विचारात घेता नम्र विनंती करण्यात येते की, श्रीमती कौसाबाई रंगराव खरमाटे यांच्या चेहऱ्यावरील जुळून आलेले तीनही अस्थिभंग पूर्वलक्षी प्रभावाने ताजे समजण्यात यावेत. ते ज्या ज्या दिवशी झाले त्या त्या दिवशी सदर महिला सुजलेल्या तोंडाने एसटीत बसल्या, गाडीत त्यांच्याकडे कुणी वळून पाहिले नाही, त्या वेळेत रुग्णालयात पोहोचल्या व त्यांना काय झाले असे विचारण्यात आले, असे गृहीत धरण्यात यावे. सर्व संबंधित अभिलेखांत त्याप्रमाणे दुरुस्ती करून संबंधितांवर त्या त्या तारखेसच कारवाई झाली असे नमूद करण्यात यावे. आणि केलेल्या कार्यवाहीचा अहवाल, जबडा न दुखता ऐकता येईल अशा बेताने, सदर महिलेस समक्ष वाचून दाखवण्यात यावा.